शहाण्णव स्वल्पविराम दोन

कझाकस्तानातल्या अल्माटीच्या एका शाळेकडून काठीच्या सावलीचा पहिला आकडा आला तो असा: ९६,२.

आमच्या विज्ञान मंडळात सातवी ते नववीची चौदा पोरं आहेत. फळ्यावर मी आकडा जसाच्या तसा उतरवला. दोन सेकंद शांतता. मग मागून एक आवाज आला, "बाई, नऊशे बासष्ट सेंटिमीटर? एक मीटरच्या काठीची?" दुसरीने लगेच कारणही शोधलं, "तिकडे सूर्य मावळायला आला असेल." एकाने तर वहीत साडेनऊ मीटर सावलीचा त्रिकोण प्रमाणात काढायला घेतला आणि कागद पुरेना म्हणून शेजाऱ्याचं पान मागितलं. मी गप्प होते. शिक्षक गप्प राहिला की मुलांना वाटतं मुद्दाम गप्प आहे. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर कळलं नव्हतं.

आपण जिथे दशांश चिन्ह म्हणून टिंब देतो, तिथे जगातले बरेच देश स्वल्पविराम देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, कुठेतरी वाचलेलं होतं. पण वाचलेलं असणं वेगळं आणि तो स्वल्पविराम आपल्या फळ्यावर येऊन बसणं वेगळं.

ही सगळी भानगड सुरू झाली ती एका ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणात. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्या देशातला एक जोडीदार शिक्षक शोधून मुलांसोबत एक छोटा उपक्रम करायचा होता. बहुतेकांनी युरोपातले जोडीदार पकडले. माझ्या डोक्यात सावलीवरून पृथ्वी मोजणारा ग्रीक विद्वान एराटोस्थेनिस होता, आणि त्याच्या प्रयोगाला आपल्या थेट उत्तरेचं किंवा दक्षिणेचं गाव लागतं, म्हणून मला युरोप नको होता. मी पृथ्वीगोलावर आमच्या जागी बोट ठेवलं आणि रेखावृत्त धरून सरळ वर सरकवत नेलं. हिमालय, आणखी डोंगर, आणि मग अल्माटी. यादीत तिथली एक गणिताची शिक्षिका होती. तिची मुलं तिला 'आपाय' म्हणतात, थोरल्या बाईमाणसाला आदराने म्हणावं तसं. आमची मला 'बाई' म्हणतात. दोन्हीकडच्या पोरांनी आठवडाभरात अदलाबदल केली. मी तिकडे 'बाई' झाले आणि ती इकडे 'आपाय'.

एराटोस्थेनिसची गोष्ट थोडक्यात सांगते. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने ऐकलं होतं, की इजिप्तमधल्या सायीन या गावी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरतो. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप) धरलं, तर पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया. साधं त्रैराशिक. पुस्तकात ही गोष्ट एका चौकटीत असते आणि चौकट परीक्षेला नसते, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. आमचा बेत हा, की त्यांनी तिकडे आणि आम्ही इकडे एकाच दिवशी एक मीटरची काठी उभी करायची, दुपारी सावली मोजायची, त्यावरून सूर्य डोक्यापासून किती अंश कललाय ते काढायचं. दोन कोनांची वजाबाकी, आणि दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर. ते नकाशावरून २,६७० किलोमीटर आलं.

१८ मार्च २०२५, मंगळवार. काठी सरळ आहे की नाही हे बघायला ओळंबा, खाली जमीन सपाट हवी म्हणून कॅरमबोर्ड उलटा घातलेला. बाराच्या ठोक्याला सावली मोजली, ३८.८ सेंटिमीटर. तिकडून आले ते शहाण्णव स्वल्पविराम दोन.

स्वल्पविरामाचा उलगडा झाल्यावर पुढचा घोळ कागदावरचा. त्यांनी आकडेमोडीचा फोटो पाठवला होता. त्यात सावली आणि काठीच्या गुणोत्तराला आपण जिथे 'टॅन' लिहितो तिथे 'टीजी' अशी दोनच अक्षरं. भागाकाराला दोन टिंबं, गुणोत्तराला देतो तशी. आणि लांबलचक भागाकार मांडलेला उलटा. भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे एका काटकोनी कोपऱ्यात, भागाकार त्या भाजकाच्या खाली. आमच्या नववीतल्या एकीने तो फोटो पाच मिनिटं न्याहाळला आणि म्हणाली, "बाई, उत्तर तर तेच येतंय." मग तिने स्वतः दोन गणितं त्या पद्धतीने सोडवली. गणिताची भाषा जगभर एकच, असं आपण भाषणात म्हणतो. एकच असेल, पण हस्ताक्षर प्रत्येकाचं वेगळं आहे, आणि पोरांना मजा त्या हस्ताक्षरातच वाटली.

आता कोन. आमचा २१.२ अंश, त्यांचा ४३.९. फरक २२.७. तीनशे साठ गुणिले २,६७० भागिले २२.७. उत्तर ४२,३४४ किलोमीटर. पुस्तकात चाळीस हजार. "बाई, पृथ्वी फुगली."

माझा पहिला विचार काय आला सांगू? वाटलं, जाऊ दे, पाच-सहा टक्क्यांचा फरक आहे, शाळेतल्या काठीने मोजून एवढं जवळ आलो हेच खूप. प्रमाणपत्रापुरता उपक्रम तिथे संपला असता. फोटो झाले होते, दोन्ही झेंड्यांचं पोस्टर झालं होतं. पण आपायने रात्री एकच प्रश्न पाठवला, भाषांतराच्या अ‍ॅपमधून गाळून आलेला: "तुमच्याकडे दुपार किती वाजता होते?"

दुपार किती वाजता होते! मी हसले. मग हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे व्हिडिओ कॉल चालू ठेवून दर पाच मिनिटांनी सावली मोजली. आमच्याकडे बारा वाजता सावली अजून आखडतच होती. बारा पाच, दहा, पंधरा, आखडतेच आहे. बारा वीसच्या पुढे मात्र ती जवळजवळ थबकली. पाच मिनिटांत एक मिलिमीटरही हलेना. सर्वांत लहान सावली नेमकी कधी हे थेट बघून ठरवणं अवघडच, कारण तो तळ सपाट असतो. आठवीतल्या एकाने युक्ती काढली. म्हणाला, उतरताना आणि चढताना सारखी सावली कधी होती ते बघू आणि मधली वेळ घेऊ. बारा पाचला जेवढी होती तेवढी पुन्हा बारा त्रेपन्नला झाली. मध्य काढला, बारा एकोणतीस. (ही युक्ती जुन्या ज्योतिषांनी शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीवरून दिशा काढायला वापरलेली आहे. त्याला ते माहीत नव्हतं. मी तेव्हा सांगितलंही नाही, त्याचा आनंद कशाला पातळ करा.)

आमच्या घड्याळाची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते आमच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य आमच्या माथ्यावर यायला वीसेक मिनिटं उशीर होतो. शिवाय मार्चच्या मध्यात सूर्यच घड्याळाच्या सातआठ मिनिटं मागे असतो, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि अक्ष कललेला असल्यामुळे. झाली अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं. म्हणजे आदल्या दिवशी आम्ही दुपारची नव्हे, दुपारच्या अर्धा तास आधीची सावली मोजली होती.

मग आपायच्या मुलांचं बरोबर कसं आलं? त्यांनीही घड्याळातल्या बारालाच मोजली होती. इथे मला या अख्ख्या उपक्रमातला सर्वांत सुंदर क्षण मिळाला. कॉलवर आमची एक मुलगी ओरडली, "आमची आत्ता सगळ्यात लहान!" पडद्यावर तिकडचा मुलगा वाकून पट्टी बघत होता. त्यानेही हात वर केला. आमच्या घड्याळात बारा एकोणतीस, त्यांच्या घड्याळात अकरा एकोणसाठ. दोन घड्याळं वेगळी, सूर्य एकच, आणि दोन्ही काठ्या एकाच रेखावृत्तावर. अडीच हजार किलोमीटरवरच्या दोन सावल्या एका क्षणी आखडायच्या थांबल्या. हे मी किती वर्षं फळ्यावर शिकवते आहे, रेखावृत्त म्हणजे काय ते. पाहिलं मात्र त्या दिवशी.

त्यांचं बाराला बरोबर येणं हाही योगायोगच. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशासाठी एकच वेळ केली, त्याआधी अल्माटीची घड्याळं तासभर पुढे होती. त्यांचा एक मुलगा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी मोजली असती तर आमचंच तुमच्यापेक्षा जास्त चुकलं असतं. संध्याकाळी लवकर अंधार पडतो म्हणून त्याची आजी अजून नव्या वेळेवर रुसलेली आहे, हेही त्याने सांगितलं. आमची पोरं आजीच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशीचे आकडे: आमची सावली ३५.८, त्यांची ९४.९. कोन १९.७ आणि ४३.५, फरक २३.८. परीघ ४०,३८७ किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ आहे. एक टक्काही चूक नाही. पोरांनी बाकं बडवली. एकीला मात्र वेगळंच खटकलं होतं. कालची ९६.२ आज ९४.९ कशी, एका दिवसात सेंटिमीटरभर कमी? आदल्या दिवशी पट्टी चुकली का? नाही. मार्चमध्ये सूर्य रोज जवळपास ०.४ अंश उत्तरेला सरकतो, आणि सावली लांब असेल तिथे ते सरकणं पट्टीवर दिसतं. तिने ते स्वतः काढलं. मी फक्त पृथ्वीगोल आणून ठेवला.

हे इतकं तपशिलात लिहिते आहे, कारण 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हे शब्द मी आजवर वेगळ्याच ठिकाणी ऐकत आले. बहुतेक वेळा त्याचा अर्थ दोनपैकी एक असतो. एक तर गुणतालिका. टिम्स आणि पिसा या देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या चाचण्या: टिम्स १९९५ पासून दर चार वर्षांनी, पिसा २०००पासून. निकाल लागला की कुठला देश वर, कुठला खाली, आणि वरच्याकडे अभ्यासदौरे. त्या चाचण्यांमागे गंभीर काम आहे हे मान्य. १९९५च्या टिम्ससोबत जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या २३१ गणिततासांचं चित्रीकरण केलं होतं, ते मला त्या गुणतालिकेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. पण बातमी होते ती क्रमांकाची. दुसरा अर्थ म्हणजे पेटी. एका परदेशी संस्थेने एकदा आम्हाला विज्ञानसाहित्याच्या पेट्या दिल्या, दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, सुरेख टोप्या दिल्या. पेटीत बावीस प्रयोगांचं साहित्य आणि प्रत्येक प्रयोगाचं उत्तर छापलेलं पुस्तक. मोडतोड झाली तर सही कोणाची या भीतीने ती पेटी कपाटात गेली. टोपी मी अजून वापरते.

उलट उदाहरणंही आहेत. जॉर्जेस शार्पाक, १९९२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला फ्रेंच शास्त्रज्ञ, शिकागोच्या गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये लिऑन लेडरमन या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेलं प्रयोगातून शिकवण्याचं काम बघून आला, आणि १९९६मध्ये त्याने फ्रान्समध्ये 'ला मँ आ ला पात' सुरू केलं. नावाचा अर्थ साधारण 'कणकेत हात'. अमेरिकेतली पेटी उचलून त्याने फ्रान्सच्या कपाटात ठेवली नाही. तिथल्या शिक्षकांबरोबर, मुलांनी स्वतःच्या शब्दांत प्रयोगवही लिहायची, असं वेगळंच काहीतरी त्यातून उभं राहिलं.

तर सावल्या संपल्या, पण आपाय संपली नाही. एप्रिलमध्ये तिनेच विचारलं, एकमेकींचा तास बघूया का? तिच्याकडे 'लेसन स्टडी' रुळलेली आहे. मूळ जपानची पद्धत, जुग्यो केंक्यू. तिथे ती शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे बघतात, मग बसून बोलतात. ही पद्धत इंग्लंडला गेली. पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या मदतीने कझाकस्तानात शिक्षक-प्रशिक्षण सुरू झालं त्यातून आपायकडे आली, आणि आपायकडून माझ्याकडे. असा तिचा प्रवास.

माझ्या तासाला कोणी बसलं की मला घाम फुटतो. आजवर जे बसले ते माझ्याकडेच बघायला बसले होते: फळालेखन, आवाज, वेळेचं नियोजन, शेरा. आपायने आधीच बजावलं, मी तुझ्याकडे बघणारच नाही. तीन मुलं निवड, एक हुशार, एक मधलं, एक मागे पडणारं. कॅमेरा त्यांच्या वहीवर ठेव. धडा दशांश अपूर्णांकांची तुलना, सहावी.

माझी कृतिपत्रिका पाच जोड्यांची होती. ०.४ आणि ०.३५. ०.७ आणि ०.६८. ०.९ आणि ०.१२५. ०.५ आणि ०.४५. ०.३ आणि ०.२७. मोठी संख्या ओळखा. ही पत्रिका मी किती वर्षं वापरते आहे याची मला लाज वाटावी इतकी वर्षं. जोड्या मुद्दाम अशा घेतलेल्या, कारण मुलांची ठरलेली चूक मला पाठ आहे. पस्तीस चारपेक्षा मोठे, म्हणून 'पॉइंट पस्तीस' 'पॉइंट चार'पेक्षा मोठा. वर्गात आपण बोलतोही तसंच. पुस्तकात 'पस्तीस शतांश' आहे, तोंडात 'पॉइंट पस्तीस'.

तास झाला. तिघांपैकी मधल्या मुलाला पाचपैकी पाच. मी खूष. आपायने त्याच्या वहीचा कोपरा मोठा करून दाखवला. तिथे त्याने स्वतःसाठी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, तिला वाचता येईना, म्हणून तिने मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: "लांब ती लहान."

तिने मला विचारलं, याला ०.३५ आणि ०.२ देशील का? दिलं. त्याने ०.२ला गोल केला. शांतपणे, पूर्ण खात्रीने. दशांशानंतर जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. त्याचा नियम माझ्या पाचही जोड्यांना लागू पडत होता. मी एक चूक पकडायला सापळा लावला होता आणि दुसऱ्या चुकीला त्यातून पैकीच्या पैकी देत होते. किती वर्षं, किती मुलांना, याचा हिशेब करत मी त्या रात्री जागी होते.

नंतर वाचलं, तर ही गोष्ट जुनीच निघाली. १९८९मध्ये लॉरेन रेझनिक, पर्ला नेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्स या तीन देशांतल्या मुलांच्या याच चुका तपासल्या होत्या. 'पस्तीस मोठे' हा नियम तिन्हीकडे सापडला. 'लांब ती लहान' हा नियम मात्र फ्रान्समध्ये फारसा दिसला नाही, आणि तिथे दशांश अपूर्णांक साध्या अपूर्णांकांच्या आधी शिकवत. छेद मोठा तर भाग लहान, हे ज्यांनी नुकतंच घोकलंय ती मुलं तेच इथे आणून लावतात. एकाच देशात बसून बघितलं असतं तर ही चूक मुलांच्या स्वभावातली वाटली असती. तीन देश शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की तिचं मूळ धड्यांच्या क्रमात आहे. पुढे मेलबर्नमध्ये केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी तर वेगवेगळ्या चुकीच्या समजुती वेगवेगळ्या पकडता येतील अशा जोड्यांची चाचणीच तयार केली. सगळं उपलब्ध होतं. माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला एक बाई आणि एक कॅमेरा लागला.

पुढच्या आठवड्यात मी तिचा तास पाहिला. कझाक भाषेत ०.३५ वाचतात ते साधारण 'शून्य पूर्ण, शंभरातले पस्तीस' असं. ०.४ म्हणजे 'दहातले चार'. मला वाटलं, वा, एवढं स्पष्ट बोलल्यावर कोण चुकणार! तिच्या तीनपैकी दोन मुलांनी 'लांब ती लहान' केलं. शंभरातले म्हणजे बारीक तुकडे, म्हणून लहान. पस्तीस तुकडे आहेत हे विसरायचं. तीन मुलांवरून मी काही सिद्ध करत नाही. पण आपली भाषाच अवघड म्हणून आपली पोरं चुकतात, हे माझं आवडतं गाऱ्हाणं त्या दिवशी जरा मवाळ झालं. आता आम्ही दोघी मिळून बारा जोड्यांची पत्रिका केली आहे. सहा जोड्यांत लांब ती मोठी, सहांत लांब ती लहान, आणि शेवटी एक फसवी तेरावी, ०.५ आणि ०.५०. ती घालायची की नाही यावर दोन कॉल भांडलो. घातली.

सगळं गोड नव्हतं, हेही लिहून ठेवते. तीन कॉल वीज नसल्याने बुडाले. भाषांतराच्या अ‍ॅपने एकदा 'छेद'चं काय केलं कोण जाणे, आपायने काळजीने विचारलं की कोणाला लागलं का. आणि हे सगळं शाळा सुटल्यावरच्या वेळात, कारण वेळापत्रकात याला तास नाही. शांघायच्या प्राथमिक शाळेतले गणितशिक्षक दिवसाला साधारण दोनच तास घेतात, बाकीचा वेळ तयारी, वह्या आणि एकमेकांचे तास बघणं. २०१४ पासून इंग्लंडचे शिक्षक तिकडे जाऊन धडे बघून आले. धडा उचलून आणता येतो, तो मोकळा वेळ बॅगेत येत नाही. याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता लिहिलं तर सूर चढेल.

मेच्या मध्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे त्या दिवशी आम्ही सायीन. आमचा कोन शून्य, मोजायची फक्त त्यांनी, अगदी एराटोस्थेनिससारखं. सुट्टी लागली होती. चौदापैकी अकरा पोरं आली, एकजण धाकट्या बहिणीला घेऊन. काठीची सावली काठीखाली शिरली तेव्हा ती छोटी काठीभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, पळाली.

आम्ही लिहिलं, "आमची शून्य. तुमची?"

चार मिनिटांनी उत्तर आलं: ४४,५.

कोणीही नऊ मीटरचा त्रिकोण काढला नाही. नववीतलीने कॅल्क्युलेटर काढला, वहीत 'टीजी' लिहिलं, आणि कोपरा आखून भागाकार मांडायला बसली.